बिगरीच्या बाई

“गुरुजी, आज जरा आवाज होईल हं.”

रोज सकाळी प्रार्थना संपली की बिगरीच्या बाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन एवढं सांगत आणि उत्तराची वाट न बघता परत जात. म्हणायच्या ‘आज’, पण आवाज रोजच होई. माझी चौथी आणि त्यांची बिगरी, म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग, यांच्यामध्ये नुसता काटक्यांचा कूड होता. इकडं मी त्रैराशिक सांगायचो आणि तिकडं तीस पोरं आगगाडी होऊन शिट्ट्या फुंकायची.

मला त्या बाई आवडत नसत. हे आधीच सांगतो. पुढं त्यांच्याविषयी चार बरे शब्द निघालेच, तर तो माझा चांगुलपणा समजू नका.

लढाईचे दिवस होते. आमचं कृष्णाकाठचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं आणि घरटी एक माणूस पलटणीत होता. मास्तर मिळेनात म्हणून वरून या बाई आल्या. आल्या आठवड्यातच त्यांनी पाट्या भिंतीशी रचून ठेवल्या आणि पोरांना चिखल कालवायला बसवलं.

गाव खवळलं. ऊसवाला एक म्हातारा नातवाला शोधत तरातरा शाळेत आला.

“आवं बाई, चिखलात लोळायला घरी म्हस हाय की! साळंत कशाला धाडतोय आमी?”

“म्हशीला चिखलाचा बैल करता येत नाही, आजोबा. तुमच्या नातवानं आज चार केले. मोजूनही दाखवले.”

“बैलं बी हायत घरी,” म्हातारा म्हणाला आणि नातवाचं मनगट धरून घेऊन गेला. त्या आठवड्यात बिगरीतली आणखी तीन पोरं गळाली. मला बरं वाटलं.

“अक्षरं कधी शिकवणार?” मी एकदा विचारलं.

“बोटांत बळ आलं की. आधी खेळू द्या हो, गुरुजी.”

मी छडी खाऊन शिकलो होतो. माझ्या बोटांत बळ आलंय की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या वर्गात हौसा नावाची पाच वर्षांची पोर होती. बाप दर्यापार बसऱ्याला, लढाईवर. कित्येक महिने त्याचं पत्र नव्हतं. तेव्हापासून पोरीची वाचाच बसलेली. अंगठा मुठीत दाबून ती दाराशी बसून राही. बाईंनी तिला कधी ‘बोल’ म्हटलं नाही. पोरांचा पोस्टाचा खेळ चाले, पिंपळाची पानं ही पत्रं. एका दुपारी कुडाच्या फटीतून मी पाहिलं, तर टपालाची पिशवी हौसाच्या गळ्यात. एकेकापुढं उभी राहून ती पान देत होती.

“तुज्या बाचं पत्र हाय. बसऱ्याचं. खुशाल हाय त्यो.”

सगळ्यांनाच बसऱ्याचं पत्र आलं. शेवटचं पान तिनं स्वतः ठेवून घेतलं आणि ओठ हलवत वाचलं. बाई पाठ फिरवून फळा पुसत होत्या. फळा कोराच होता.

त्याच आठवड्यात मी बाईंविरुद्ध अर्ज लिहिला. ते पाहूनही लिहिला की ते पाहिलं म्हणूनच लिहिला, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या चौथीत इतक्या वर्षांत एक पोर मनातलं बोललं नव्हतं. ‘बिगरीत अध्यापन होत नाही,’ असं मी वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्याखाली गावकऱ्यांचे अंगठे घेतले.

शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले. त्या सकाळी मी लवकर शाळेत गेलो. बिगरीच्या कोनाड्यात चिंचोक्यांचा डबा असे, त्यावर पोरं बेरजा करत. तो मी उचलला आणि माझ्या कपाटात टाकला. वर्ग नीटनेटका दिसावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

साहेबांनी नेमकं हौसाला उभं केलं. “पाच आणि तीन किती?”

ती कोनाड्याकडं गेली. टाचा उंचावून आत हात घातला, चाचपला. मागं वळून बाईंकडं पाहिलं. मग दाराशी जाऊन बसली आणि अंगठा मुठीत दाबला.

“साहेब, तिला मोजायला काहीतरी द्या. खडे द्या,” बाई म्हणाल्या.

“परीक्षेत खडे मिळतात का, बाई?”

जमलेले गावकरी हसले. मीही हसलो.

बाईंच्या बदलीचा हुकूम आला. माण तालुका, दहिवडीच्या पलीकडं, मेंढरांच्या मुलखात. जायच्या दिवशी बाई माझ्या दारात आल्या. कपाट उघडंच होतं आणि डबा समोर दिसत होता. बाईंनी तो पाहिला. आता जाब विचारतील म्हणून मी कितीतरी उत्तरं मनात जुळवली.

“हौसाला मारू नका, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “ती बोलेल.”

बिगरी माझ्याकडंच आली. मी हौसाला मारलं नाही. ती बोलली नाही. संक्रांतीनंतर यायचीही बंद झाली.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामावर मी दहिवडीला गेलो. काम आटोपल्यावर उन्हातून चालत बाईंच्या बदलीच्या गावी पोचलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. शाळा देवळात भरली होती. पोरं हाताची घडी घालून पाढे म्हणत होती. तिथल्या मास्तरांनी मला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं.

“बिगरी कुठं बसते?” मी विचारलं.

“बंद झाली. बाई होत्या एक. पोरांबरोबर लंगडी खेळायच्या! लोकांनी ओरड केली, अर्ज दिले. गेल्या नोकरी सोडून. कुठं ते कुणाला ठाऊक?” मास्तर हसले आणि जरा पुढं सरकले. “का हो? तुमच्या ओळखीच्या होत्या?”

“नाही,” मी म्हणालो.