कपाशीला आलेली निळी फुलं

माझ्या चित्राकडे आजवर सगळ्यात बारकाईनं कोणी पाहिलं असेल, तर शहाद्याच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानदारानं.

मी ड्रॉइंग मास्तर. 'दिसतं तेच काढा!' असं वर्गात ओरडणारा. पण प्रतीकवादी चित्रकार मनात उमटलेलं फूल काढतात असं वाचलं, आणि अंगात आलं! आमच्या म्हसावदच्या वावरातली कपाशीची फुलं तांब्यात ठेवली आणि पेस्टलनं काढली. फुलं निळी, पानं राखाडी, भोवती धुकं. (धुकं फार सोयीचं. चुकलेलं सगळं त्यात लपतं.) चित्र झालं आणि जुनीच आस जागी झाली: आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा तरी 'चांगलं' म्हणावं. चाळीस वर्षांत म्हटलं नव्हतं.

आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हाई आपली कपाशी शे?"

"हां आबा. आज सकायनीच फुलं शेतस."

आबा झटकन उठले. मला वाटलं, गहिवरले!

शाळेतून आलो तर चित्र गायब. बायको म्हणाली, "आबा लई गयात, शहादाले."

फ्रेम करायला नेलं! माझे डोळेच भरून आले.

संध्याकाळी आबा एसटीनं परतले. धूळ बसू नये म्हणून चित्र स्वतःच्या पांढऱ्या टॉवेलात घट्ट गुंडाळलेलं, आणि हातात एक पुडी.

"दुकानवालाले दखाडं. त्यानी भिंग लाईसन दखं. कपाशीले झिंक कमी शे म्हने, हाई पुडी दिन्ही."

मी टॉवेल उलगडला. कागद जवळजवळ कोरा, रंग सगळा टॉवेलाला! पेस्टल म्हणजे भुकटीच, फवारा मारून रंग पक्का करावा लागतो. तो मी आळसानं उद्यावर ढकलला होता.

आबा टॉवेलाकडे बघत राहिले. "आते रोग टावेलले लागी गया!"

"आबा, कपाशी चांगली शे," मी कबूल केलं. "तो रंग मन्हा मनमातला."

आबा खाटेवर बसले. "तू काढं, म्हनीसन मी खरं मानं. तू कशाले खोटं काढशी?"

मी एका 'चांगलं'साठी झुरत होतो, आणि माझ्या रेघेवर इतका विश्वास ठेवून हा माणूस भर उन्हात शहाद्याला जाऊन आला होता.

आबांनी पुडी खिशात घातली. "मंग झिंक तुले कमी शे."

दुसऱ्याच दिवशी मी मेडिकलमधून झिंकच्या गोळ्या आणल्या. जेवणानंतर एक, असं चाललंय.