सिस्टरच्या वहीतलं जर्मन

दुपारी हॉस्पिटलात ह्यांच्या खाटेशी बसले होते. सलाइन बदलता बदलता सिस्टर जयश्री खिशातल्या वहीत बघून काहीतरी पुटपुटत होती. कान दिला तर चक्क जर्मन! तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं हवी आहेत म्हणे, आणि या पोरीची परीक्षा आठवड्यावर आली आहे.

मीही कॉलेजात जर्मन घेतलं होतं, तसं तिला सांगितलंही. कारण काय, तर फ्रेंचच्या वर्गात माझ्याहून देखण्या मुली होत्या! चार वर्षं मी शहाणीने चांदणं, अरण्य आणि विरह एवढंच घोकलं. त्या देशात गेले असते तर तहानेने मेले असते, पाणी मागता आलं नसतं. जयश्रीच्या वहीत मात्र कुठे दुखतंय, कूस बदलू का, घोटभर पाणी देऊ का, असलीच वाक्यं. भाषा निवडताना आपण तिच्यात काय काय बोलू याची स्वप्नं बघतो. तिच्यात काय ऐकावं लागेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

"आजी, तुम्हाला येतं ना? चुकतंय का बघा," म्हणत तिने वहीतलं एक जर्मन वाक्य एका दमात वाचलं. त्याचा अर्थ: तुमच्या माणसाजवळ आता फार दिवस नाहीत.

डॉक्टर आठवडाभर मला मराठीत "बघू या" म्हणत होते.

"चुकत नाही गं," मी म्हटलं, "पण इतक्या घाईने नको म्हणूस. आधी ऐकणाऱ्या बाईचा हात धरावा."

तिने वही खाटेवर ठेवली, सरावासाठी माझा हात धरला आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं.