खरखरभाऊ आणि मानी रेडिओ

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या खरखरभाऊंकडे अख्ख्या गल्लीची बित्तंबातमी असायची, आणि तीही दुकानाची पायरी न उतरता. जुन्या मिडियम वेव्हच्या सेटला कान लावून ते डोळे मिटत. डासासारखी गुणगुण आली, की दातांच्या डॉक्टरनं कुणाची तरी दाढ कोरायला घेतलेली. थांबत थांबत घरघर झाली, की समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन. वरच्या मजल्यावरचा कारकून रोज संध्याकाळी विजेच्या मशीननं दुसऱ्यांदा दाढी करू लागला, तेव्हा भाऊ मिशीतल्या मिशीत हसले. त्याचं जमलंय हे त्याच्या आईच्या आधी या रेडिओला कळलं. आणि फार लांब कुठे वीज चमकली, तर निवेदकाच्या शब्दांमागे झोपेत कुणी कागद चुरगळावा तसं काहीतरी सरकून जाई. भाऊ त्या आवाजावर तरंगत राहत.

मग त्यांची लेक दूरच्या केंद्रावर निवेदक म्हणून लागली, आणि ते केंद्र डिजिटल झालं.

"बाबा, आज साडेचारला माझं पहिलं वाचन. अर्धा तास," तिनं फोनवर बजावलं. "पुन्हा लागणार नाही. बाकीचे नुसते वा वा म्हणतील. कुठे चुकते ते तुम्हीच सांगा."

भाऊंनी नवा डिजिटल सेट आणला. कपाळावर पट्ट्यानं बांधलेला चार्जिंगचा दिवा लावून तो नीट जोडला. साडेचारला लेक म्हणाली, "नमस्कार..." भाऊ कान लावायला जवळ वाकले आणि रेडिओ मुका. खरखर नाही, घरघर नाही.

"वहिनी, हा नवा फार मानी," भाऊ थोरल्या भावजयीला म्हणाले. "जुना बिचारा गोंगाटातूनही ऐकवायचा. याच्याकडे आवाज आकड्यांतून येतो. थोडे बिघडले तर हा जुळवून घेतो. जास्त बिघडले की तोंडच मिटतो. गल्लीत कुणीतरी लहरींत घाण करतंय!"

जुना सेट छातीशी धरून ते चोर पकडायला निघाले. शिंपीणबाईंच्या दारात प्रचंड खरखर.

"मशीन बंद करा!"

"अहो काका, मघापासून मी बटणं लावतेय. हातानं!"

डॉक्टरच्या दारात तेवढीच खरखर. डॉक्टर चहा पीत होता. कारकुनाच्या जिन्यात तेवढीच. सगळी गल्ली सारखीच गुन्हेगार! भाऊंनी उभ्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दुकानातून वहिनींची हाक आली. "भावजी, कुठे भटकताय? पोरगी केव्हाची बोलतेय!"

भाऊ धावत आत शिरले. रेडिओ गप्प.

"तुम्ही गेलात की बोलते, आलात की गप्प. बापाचा धाक म्हणायचा की काय?" वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "आणि भरदिवसा डोक्यावर दिवा लावून कुणाच्या घरी गेला होतात?"

भाऊंनी कपाळाला हात लावला. दिव्यातल्या स्वस्त सर्किटची खरखर ते दारोदार स्वतःच घेऊन हिंडले होते. त्यांनी दिवा विझवला, जुना सेटही बंद केला. रेडिओनं क्षणभर आकडे जुळवले, आणि लेक बोलू लागली.

शेवटची सहाच मिनिटं उरली होती. पण काय सहा मिनिटं! आवाजामागे वीज नाही, दाढी नाही, दाढ नाही. मधलं सगळं अंतरच कुणीतरी उचलून नेल्यासारखं. दुकान पाण्याखाली गेल्यासारखं निवांत झालं आणि त्यात फक्त ती, तिचं पान उलटणं, आवंढा गिळणं. भाऊ छातीशी धरलेला जुना सेट खाली ठेवायचंही विसरले.

पाच वाजून गेल्यावर फोन आला. "बाबा, कसं झालं?"

"खोटं नाही बोलत. शेवटचंच ऐकलं. माझाच गाढवपणा."

"जाऊ दे. मग?"

"पान उलटताना श्वास रोखतेस."

"...आवाज होऊ नये म्हणून, बाबा. सगळं स्वच्छ ऐकू जातं ना आता."

"जाऊ दे की," भाऊ म्हणाले. "घेत जा श्वास. मला ऐकायचाय."