तिसऱ्याचा विमा

"इथून दिसते ना?"

खुर्चीवर बसण्याआधी ते हे हमखास विचारायचे. दिसत होतीच. वर्ध्याच्या आमच्या विमा कचेरीच्या खिडकीखाली, कडुनिंबाच्या सावलीत त्यांची हिरवी मोटार उभी असायची. तरी ते खुर्ची तिरपी करत, मान लांबवून खात्री करून घेत आणि मगच टेकत. टेकल्यावरही एक डोळा माझ्याकडे, एक खिडकीकडे.

मी तेव्हा नवा कारकून होतो, सत्तरच्या दशकातला. त्यांना काका म्हणायचो. पुलगावला एका साहेबाकडे त्यांनी वीस वर्षं ड्रायव्हरकी केली होती. कायमचं गाव सोडताना साहेबाने आपली दुसऱ्या महायुद्धाआधीची विलायती मोटार त्यांच्या नावावर करून दिली. तशी गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती आणि तिचा साधा नटही कुठे मिळत नव्हता. गाडी आली आणि काकांची झोप गेली. ते ती वर्षातून एकदाच बाहेर काढत, वर्ध्याला येऊन विमा उतरवायला. आणि विमा कशाला हवा, तर वर्ध्याला येताना काही होऊ नये म्हणून! आम्ही कारकून मंडळी यावर पोट धरून हसायचो.

"काई झालं तं?" हे त्यांचं दुसरं वाक्य.

मी समजावायचो, "पूर्ण विमा काढा. म्हणजे तुमच्या गाडीची नुकसानभरपाई मिळेल. नुसता थर्ड पार्टी काढलात तर तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाचं काही झालं तरच कंपनी देईल."

"थर्ड म्हंजे तिसरा ना? मंग पयला कोन?"

"तुम्ही."

"अन् दुसरा?"

"आमची कंपनी."

"तिसरा?"

"रस्त्यावरचा कोणीही. ज्याला धक्का लागेल तो."

काकांनी रस्त्याकडे असं पाहिलं, जणू तो तिसरा तिथे येऊन उभाच आहे.

त्यांना पूर्ण विमाच हवा होता. मनापासून हवा होता. पण फॉर्म भरता भरता गाडी एका रकान्यापाशी अडायची: मालकाच्या मते वाहनाची किंमत.

"हे सोडून द्या, बाबू."

"हे सोडलं तर पूर्ण विमा निघत नाही, काका."

"जे इकाचं नाई त्याची किंमत सांगू नये. माह्या बापानं एकदा चारचौघांत बैलाची किंमत सांगतली. आठ दिवसांत बैल गेला. साहेबानं किल्ली देली तवा किंमत सांगतली का मले?"

मी हसलो. हसायला नको होतं. दरवर्षी ते फॉर्म हातात धरून बसत, अंगठ्याच्या घामाने कागद ओला होई आणि शेवटी थर्ड पार्टीची पावती घेऊन, पडलेल्या चेहऱ्याने परत जात.

एका वर्षी मला राहवलं नाही. मीच त्या रकान्यात पेन्सिलीने आकडा घातला. "तुम्ही कुठे सांगितली? मी सांगितली!" मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक! काकांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. आधी त्यांनी खिडकीतून गाडी पाहिली. मग माझ्याकडून रबर मागून घेतला, आकडा घासून घासून पुसला आणि कागदावर हलकी फुंकर मारली.

"तिसऱ्याचंच काढा, बाबू."

ते निघून गेले आणि माझ्याही जिवाला घोर लागला. पुलगावकडून कुणी आलं की मी उगाच विचारायचो, रस्ता ठीक आहे ना?

पुढच्या वर्षी विम्यासाठी येताना ते झालं. कापसाचा हंगाम होता. देवळीच्या अलीकडे ट्रकच्या भोंग्याने बैल बुजले आणि कापूस भरलेली बैलबंडी आडवी आली. काकांनी गाडी बाभळीवर घातली. बंडी, बैल, बंडीवाला, कुणालाही ओरखडा नाही. काकांचा हात मोडला आणि गाडीचं तोंड पार आत गेलं. कंपनीला कुणालाच काही द्यावं लागलं नाही.

महिन्याने ते एसटीने आले. हात गळ्यात बांधलेला, मागे एक किडकिडीत माणूस.

"बाबू, हा पाहा आपला तिसरा."

बंडीवाल्याने गोंधळून मला हात जोडले. काकांनी सवयीने खुर्ची खिडकीकडे तिरपी केली आणि मग गुपचूप सरळ केली.

"काका, पूर्ण विमा असता तर..."

"तुमी किंमत लिवली होती ना? पुसली मी. पन लिवली तं होती." माझा चेहरा पाहून ते घाईने म्हणाले, "जाऊ द्या. याचा तं होता ना इमा!"

एवढं बोलून त्यांनी बंडीवाल्याच्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र तो पुसलेला आकडा आजतागायत छळतो. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणाल. मीही म्हणतो, दिवसा.

त्यानंतर ते कचेरीत आले नाहीत. काही वर्षांनी एक माणूस टेबलासमोर येऊन घुटमळला. मी ओळखलं नाही.

"मी तिसरा, साहेब."

काका गेल्याचं सांगायला तो पुलगावाहून आला होता. तो दर बाजारच्या दिवशी त्यांच्याकडे जायचा, हेही मला तेव्हाच कळलं. मी त्याला काकांच्या खुर्चीवर बसवलं.

"आणि गाडी?"

"हाय, आंगनात. परवा कबाडी आलता. काकू म्हने, तूच बोल त्याच्यासंग. तो मले म्हने, बोल, किंमत किती?"

"मग?"

त्याने खिडकीबाहेर, कडुनिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"म्या नाई सांगतली."