तोटी कुणाचीही, आटा एकच

अवघ्या माळव्यात ब्राउझरवरून घरात अबोला धरणारा माणूस एकच निपजला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. ब्राउझर म्हणजे काय हे आता शेंबडं पोरही सांगेल. पण मी सांगतोय ते दिवस वेगळे. उज्जैनच्या फ्रीगंजात एसटीडी बूथवाले रातोरात सायबर कॅफेवाले झाले होते आणि एक पान उघडेपर्यंत माणूस खाली जाऊन पोहे-जिलबी खाऊन परत येई. त्या काळी दोन ब्राउझरांची चांगलीच जुंपली होती. एक निळ्या अक्षराचा, कॉम्प्युटरबरोबर आपोआप घरात येणारा. दुसरा दीपस्तंभाच्या चित्राचा, तो मुद्दाम आणून बसवावा लागे. दोघांनी आपापली वेगळी बोली काढलेली, त्यामुळे एकात सरळ दिसणारं पान दुसऱ्यात वाकडं दिसे. उज्जैन शहराला याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. आमच्या साडूंना मात्र अन्न गोड लागत नव्हतं.

साडू पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर नळांचे नकाशे काढलेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांना नळातच सापडायचं. शर्टाच्या खिशात दोन पितळी तोट्या आणि एक जोडणी कायम. खिसा लोंबून पोटापर्यंत आलेला. कुणी नुसतं 'इंटरनेट' म्हणायचा अवकाश, तोट्या बाहेर. "ही अलीगढची, ही जालंधरची. कारखाने एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण आटे बघा." मग ते तोटीच्या तोंडावरच्या गोल खाचांवरून तुमचं बोट फिरवायचे. "एकसारखे आहेत की नाही? म्हणून तुमच्या घरी आंघोळ होते. तोटी कुणाचीही असो, आटा एकच पाहिजे. वेबचंही तेच." माझ्या पुतण्याच्या मुंजीत त्यांनी हा प्रयोग भटजींवर केला. मुहूर्त टळता टळता वाचला, आणि भटजींनी जाताना एक तोटी मागून नेली, कारण त्यांच्या घरची गळत होती.

रविवारी लोक महाकाळाला जात, साडू कॅफे तपासायला जात. फ्रीगंजपासून देवास गेटपर्यंत एकेका कॅफेत बसून तेच पान दोन्ही ब्राउझरांत उघडायचं आणि डायरीत शेरे लिहायचे. कॅफेवाले त्यांना सरकारी तपासनीस समजून चहा पाजत. "अंकल, आज तो सब ठीक है ना?" एक जण घाबरून विचारायचा. साडू गंभीरपणे म्हणत, "आपका ठीक है भिया, दुनिया का नहीं है।" 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल' अशी ओळ कुठं दिसली की त्यांचं डोकं फिरे. ते त्या पानाच्या मालकाला पोस्टकार्ड घालत. ईमेल नव्हे, पोस्टकार्ड. कारण ते पोस्टमनपासून शिपायापर्यंत सगळे वाचतात आणि साहेबाला लाज वाटते. भैरवगढच्या एका छपाईवाल्यानं हौसेनं आपल्या चादरींचं पान काढलं होतं. त्याला यांचं कार्ड गेलं, "महोदय, आपकी चादरों के बूटे एक के ऊपर एक चढ़ रहे हैं।" तो बिचारा सचोटीचा माणूस. त्यानं माफीनाम्यासह नवी कोरी डबलबेडची चादर पाठवून दिली. साडू ती परत करायला निघाले होते. आमच्या मेहुणीनं ती धुऊन गादीवर अंथरली आणि विषय मिटवला.

आता या वेडाचा कुणाला उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आमच्या सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचा मेहुणा, शिकायला परदेशी गेला आणि दोन वर्षं फिरकला नाही. फोनवर तीन मिनिटं मिळत, त्यातली दोन "ऐकू येतंय का" यात जात. सासूबाईंचा हात थरथरायला लागला होता, लिहिणं बंद झालं होतं. एक दिवस त्या म्हणाल्या, "मला त्याला एक मनासारखं पत्र घालायचंय. मराठीत. इंग्रजीत मला नुसती चौकशी करता येते, माया करता येत नाही." मी काही बोलायच्या आत साडूंनी खिशातल्या तोट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "आई, तुम्ही सांगा, मी पान करतो. जगात कुठंही उघडेल."

त्या काळी मराठी अक्षरांची तऱ्हाच वेगळी होती. प्रत्येक कंपनीचा क निराळा. एकीचा मजकूर दुसरीकडे उघडला की नुसता शेवयांचा गुंता. नुकताच सगळ्या जगासाठी अक्षरांचा एकच आटा निघाला होता, युनिकोड नावाचा. साडूंनी त्यात पत्र लिहायला घेतलं. सासूबाई सांगत, साडू टाइप करत, मी शेंगदाणे खात ऐके. मजकुरात ढवळाढवळ करायची नाही हे साडूंचं ब्रीद. सासूबाईंनी सांगितलं, "थोरले जावई स्वभावानं बरे, पण कुणाचं ऐकत नाहीत." साडूंनी तेही टाइप केलं. "धाकटे नुसतं खातात," हे मात्र त्यांनी दोनदा वाचून दाखवलं.

पत्र इंटरनेटवर चढलं, आणि चार दिवसांनी मेहुण्याचं उत्तर आलं की पानभर रिकाम्या चौकटी दिसताहेत. त्याच्या प्रयोगशाळेत फक्त दीपस्तंभवाला होता, तोही जुना, आणि त्याला मराठी येत नव्हतं. मी सरळ मनानं म्हणालो, "साडूभाऊ, कागदावर छापून त्याचा फोटो पाठवू या. फोटो सगळीकडे दिसतो." झालं. "माणसाच्या फोटोला जेवायला वाढता का तुम्ही?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्याशी तीन आठवडे अबोला धरला. सासूबाई रोज संध्याकाळी दारात विचारत, "उघडलं का?" साडू मान हलवत आणि पुन्हा फ्रीगंजात जाऊन बसत. दिवाळी जवळ येत होती. सासूबाईंनी विचारणं सोडलं, नुसत्या बघायला लागल्या, तेव्हा मला साडूंचा खरोखर राग आला. एका म्हातारीच्या पत्रापेक्षा यांचा आटा मोठा?

शेवटी साडूंनी काय करावं? मेहुण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाला हवाई टपालाचं तिकीट लावून पोस्टकार्ड घातलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत चार ओळी, आणि खाली दोन तोट्या व एका नळाची सुबक, मापं टाकलेली आकृती. त्या भल्या गृहस्थानं आकृती भिंतीला लावली आणि स्वयंसेवकांनी फुकट तयार केलेला नवा ब्राउझर सगळ्या यंत्रांवर चढवला. आठवड्याभरात मेहुण्याचं रोमन अक्षरांतलं मराठी आलं. आईचं पत्र दिसलं, पूर्ण वाचलं, दिवाळीला येतोय.

सासूबाई पदरानं डोळे पुसत रागावल्या. "मी कुठं बोलावलं होतं त्याला? पत्रात एक शब्द नव्हता 'ये' म्हणून." आणि ते खरं होतं. पत्रात लिंबाचं लोणचं होतं, अंगणातला पेरू होता, गॅसच्या सिलेंडरची रड होती. येण्याचं काही नव्हतं. तो आला, दिवाळी करून गेला, पुढं शिक्षण संपवून देशातच परतला. सासूबाईंची शेवटची वर्षं त्याच्याकडे सुखात गेली.

परवा मेहुण्याला मी सहज विचारलं, तेव्हा तू कशावरून आलास रे? तो म्हणाला, "पान उघडा आणि त्याच्या पोटात बघा. भावजींनीच शिकवलं होतं मला, पानाचा मूळ मजकूर उघडून बघायचा." मी उघडलं. इतक्या वर्षांनी, माझ्या फोनवर, एकही काना-मात्रा न हलता सासूबाई बोलायला लागल्या. मग मूळ मजकूर काढला. लोणचं आणि सिलेंडर यांच्या मध्ये, ब्राउझरनं दाखवू नये अशी खूण करून, साडूंनी एक टीप लिहिली होती: 'इथे आई बराच वेळ थांबल्या. रडल्या. ये म्हणून लिहू का विचारलं, तर नको म्हणाल्या, त्याचा अभ्यास बुडेल.' मी तिथंच बसून शेंगदाणे खात होतो, आणि मला त्या थांबलेल्या दिसल्याही नव्हत्या.

साडू आता लेकीकडे बंगळूरला असतात. दिसतं कमी, कॉम्प्युटर सुटला. म्हणतात, आता बहुतेक ब्राउझरांच्या पोटात इंजिन एकच, भांडायला कुणी उरलं नाही. मी फोन लावला आणि म्हटलं, "साडूभाऊ, मजकुरात ढवळाढवळ करायची नाही म्हणत होता ना?"

ते म्हणाले, "कुठं केली? कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडा, ती ओळ दिसायची नाही. तेवढा एक नियम निळा आणि दीपस्तंभवाला, दोघंही पहिल्यापासून पाळत होते."