परदेशी केंद्रावर माझं पत्र

काल माळ्यावरचा जुना रेडिओ काढून लावला. तापलेल्या धुळीचा तोच वास आला आणि बाळांनो, मी कसबा बावड्याच्या आमच्या घराच्या सोप्यात जाऊन बसले.

तेव्हा मी कॉलेजात होते. शॉर्टवेव्हवरच्या एका परदेशी केंद्राला मी इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. ते पोस्टात टाकायला माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे दिलं. महिन्याभरानं एका संध्याकाळी त्या केंद्रावर श्रोत्यांची पत्रं वाचत होते. खरखरीतून आवाज जवळ येई, पुन्हा दूर जाई. अचानक माझीच वाक्यं कानावर आली. मी आईचा हात घट्ट धरला. शेवटी नाव आलं ते दादाचं.

“माझं नाव खोडलंस?”

“पोरीचं नाव जगभर कशाला? स्थळं बघायलोय की तुला,” दादा हसला. “घरातलंच नाव हाय न्हवं?”

मी बाबांकडे पाहिलं. मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं.

“मीच सांगितलं त्याला,” ते म्हणाले. “पत्र मात्र लई झ्याक लिवलंस. पुढचंबी तूच लिही.”

तेव्हा मी अबोला धरला तो दादाशी. आज त्याचा राग उरलेला नाही. बाबांचं ते कौतुक मात्र अजून सहन होत नाही.