कांजीची पवनचक्की

गच्चीच्या कठड्यावरून उजव्या हाताचं बोट फिरवायचं, डोळ्यांपाशी न्यायचं आणि सराफानं अंगठी पारखावी तसं पाहायचं. मग बाजूच्या गच्चीवर मांज्याचा गुंता सोडवत बसलेल्या मला विचारायचं, "पाह्य रे पोट्ट्या, बोट काय म्हणते?"

बोट काळं असलं तर हवा सिलतऱ्याकडून, म्हणजे लोखंडाच्या कारखान्यांकडून. नुसतं मातकट असलं तर दुसरीकडून कुठून तरी. तुम्ही रायपुरात राहिला असाल तर गच्चीवरची ही काळी भुकटी तुम्हीही झाडली असेल. आपण झाडतो आणि विसरतो. आमच्या शेजारच्या काकू ती वाचायच्या.

त्यांचं कामच तसं होतं. काका प्लांटमध्ये होते. ते गेल्यावर काकूंनी लोकांच्या सुती साड्या, धोतरं, कुर्ते धुऊन भाताच्या पेजेची कांजी करून द्यायला सुरुवात केली. सदर बाजारातल्या शेठ लोकांचे कुर्ते त्यांच्याकडून इतके कडक होऊन जायचे, की गादीवर आधी कुर्ता बसायचा, मग शेठ. पांढरे कपडे ओले असताना सिलतऱ्याची हवा आली की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते बोट.

मी तेव्हा नववीत होतो आणि जगात नकला सोडून मला काही येत नव्हतं. भाजीवाला, आमचे मामा, शाळेची घंटा, सगळं करायचो. एकदा पोरांसमोर काकूंची नक्कल चालली होती आणि काकू मागे उभ्या. मी गाल सांभाळला. त्या म्हणाल्या, "आवाज बरोबर काढला. पण बोट एवढं जोरात नाही फिरवत मी. हळू. पुन्हा कर." नक्कल केली म्हणून मार खूप खाल्ला, पण कोणी दुरुस्त करून देईल असं वाटलं नव्हतं.

शाळेत मात्र मी फसलो. प्रार्थनेच्या माईकवर प्राचार्यांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली. अर्धी शाळा दप्तरं घेऊन गेटपर्यंत पोचली. प्राचार्यांनी शांतपणे बोलावलं. "बेटा, मज़ाक बहुत हो गया. साइंस प्रदर्शनी में एक काम ढंग का करके दिखाओ. तभी वार्षिकोत्सव में माइक मिलेगा."

माईक नाही म्हणजे माझं उरलं काय?

पवनचक्की ठरवली. कबाड्याकडून मोडक्या प्रिंटरची मोटर आणली. तिला दोन तारा, तारांना लाल एलईडी. हवेकडे तोंड वळावं म्हणून पत्र्याची शेपटी लावली आणि सगळं सायकलच्या जुन्या पेडलवर बसवलं, कारण पेडल गोल फिरते. पाती पुठ्ठ्याची. दोन दिवसांत माना टाकल्या त्यांनी.

"हे काय लुळंपांगळं लावून ठेवलं?" काकू कठड्यावरून म्हणाल्या. "आण इकडं."

त्यांनी मोडक्या छत्रीच्या काड्या घेतल्या, जुन्या साडीचे तुकडे ताणून शिवले आणि घट्ट कांजीचे तीन हात दिले. वाळल्यावर वाजवून पाहिलं तर टणटण. वजन मात्र पापडाएवढं. सगळ्या प्रदर्शनीत भाताच्या पेजेवर चालणारं यंत्र माझंच असणार होतं.

मी टेबलफॅन लावून चक्की फिरवून दाखवली. दिवा लागला. मी टाळीसाठी वळलो, तर काकू कमरेवर हात ठेवून.

"थांब. लाईटनं पंखा चालवला, पंख्यानं हे चालवलं, अन् यानं लाईट लावला. मंग सरळ बटन काहून नाही दाबत?"

"काकू, हॉलमध्ये हवा कुठं असते?"

"तं गच्चीवर ने सगळ्याईले." मग म्हणाल्या, "उद्या तीनच्या पुढं येईल. तीन दिवसांपासून त्याच टायमाले येऊन राहिली."

"कुठून?"

"येईल ना. तुले काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनी. तीन वाजता शाळेच्या गच्चीवर प्राचार्य, बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम, आमचे सर आणि सगळी नववी. थंडीतली पिवळी दुपार. पाती फोटोत काढल्यासारखी स्थिर. सव्वातीन झाले. "अबे, फूँक मार!" कोणी तरी ओरडलं. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. एरवी अशा वेळी मी कोणाची तरी नक्कल करून लोकांना थोपवून धरलं असतं. पण घशात कोणाचाच आवाज सापडेना.

तीन गल्ल्या पलीकडे, पाण्याच्या टाक्यांच्या मधून, काकूंची गच्ची दिसत होती. सगळ्या दोऱ्या पांढऱ्या साड्यांनी भरलेल्या. कठड्याशी काकू, बोटाएवढ्या.

मी तिकडेच पाहत राहिलो. एका साडीचा काठ उचलला गेला. मग तिच्या शेजारचीचा. मग सगळ्या साड्या हळूहळू भरत गेल्या, जणू आत कोणी येऊन उभं राहिलं. आवाज काहीच नाही. झोपेत पाहतो तसं.

"सर, आ रही है," मी म्हणालो.

"क्या?"

"हवा."

सगळे हसले. त्यांना वाटलं, ही पण कोणाची तरी नक्कल. तोवर मधल्या कडुनिंबाचा शेंडा हलला. मग माझ्या गालाला गार लागलं. शेपटी करकरत वळली. पातं एक, दोन, तीन, पुढे मोजता येईना. एलईडी लुकलुकला आणि लागला. उन्हात दिसेना म्हणून मॅडमनी त्याच्याभोवती तळहात धरले, समईला धरतात तसे.

"चलो," प्राचार्य म्हणाले, "माइक तुम्हारा."

मी धावत काकूंच्या गच्चीवर गेलो. त्या साड्या काढत होत्या. प्रत्येकीवर काळे ठिपके, बारीक, मोहरीसारखे. मी कठड्यावरून बोट फिरवलं. काळं.

"काकू, सिलतऱ्याची येणार हे तुमाले माहीत होतं?"

"हव."

"मंग साड्या काहून टाकल्या?"

"तुह्या शाळेतून माही गच्ची दिसते ना." त्यांनी साडी बादलीत टाकली. "हवा येताना दिसली नसती तं थकून उतरला असता तू खाली. लागला का?"

"लागला. लाल."

"पाहाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि नळ सोडला.

चक्की मी त्याच संध्याकाळी त्यांच्या कठड्याला बांधली. हवा आली तिसऱ्या दिवशी. काकूंनी ओल्या तळहातांच्या आडोशानं दिवा पाहिला. बराच वेळ पाहिला. आणि मग एकदम "अरे, माहे कुर्ते!" म्हणत दोऱ्यांकडे धावल्या.

मागच्या दिवाळीनंतर काकूंचा मुलगा त्यांना गोंदियाला घेऊन गेला. चक्की नेली नाही. "तिथं हवा कशी आहे, मले काय माहीत?" म्हणाल्या.

मी आता कॉलेजात आहे. दर पावसात पाती लुळी पडतात, मग आमच्या भाताची पेज घेऊन मी कठडा ओलांडतो. परवा दुपारी तीनला गेलो होतो. दोऱ्या रिकाम्या. मी कठड्यावरून बोट फिरवलं, हळू, त्यांनी सांगितलं तसं. मागे पाती टणटण वाजायला लागली. मी दिव्याभोवती तळहात धरले आणि काकूंच्या आवाजात विचारलं, "पाह्य रे पोट्ट्या, बोट काय म्हणते?"

मग माझ्या आवाजात उत्तर दिलं.

"आली, काकू. कपडे काढा."